हसणारा आठवतो, मागणाऱ्या विसरलो

आमच्या मुशायऱ्यांत अकबर इलाहाबादींचा शेर निघाला नाही, असे सहसा होत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या आणि पडदा सोडणाऱ्या बायकांवर त्यांनी मारलेले फटकारे तर ज्याला उर्दू धड वाचता येत नाही त्यालाही पाठ असतात. शेर संपतो, पुरुष मनमुराद हसतात, मागच्या कनातीआड बसलेल्या बायका हसतात की नाही हे कोणी पाहत नाही. अकबर मोठे कवी होते, यात वाद नाही. सरकारी न्यायाधीशाची नोकरी करून त्याच सरकारची टर उडवणे सोपे नव्हते. ते १९२१ साली गेले. त्याच साली मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या कायदेमंडळांनी स्त्रियांच्या मताधिकाराला मंजुरी दिली आणि बंगालच्या कायदेमंडळाने तो फेटाळला.

या मताधिकारासाठी ज्यांनी लेखणी आणि पायपीट दोन्ही खर्च केले, त्यांत मुस्लिम लेखिका होत्या, लेखकांच्या घरातल्या स्त्रिया होत्या. त्यांचे नाव आमच्या संमेलनाच्या मांडवात कितीदा निघते? आम्ही स्वतःलाच विचारतो आहोत, कारण व्यासपीठावर बसणारे आम्हीच आहोत.

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असता स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटले. पुढारी होत्या कवयित्री सरोजिनी नायडू. मागणी साधी होती : नव्या सुधारणांत 'लोक' म्हणाल तेव्हा त्यात स्त्रियाही मोजा. कल्पना मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंची, म्हणून ही चळवळच परकी, असे म्हणणारे आमच्यात आहेत. त्यांनी त्या शिष्टमंडळातले एक नाव वाचावे : बेगम हसरत मोहानी, म्हणजे निशातुन्निसा. हसरत तेव्हा तुरुंगात होते. त्याआधी १९०८ मध्येही ते तुरुंगात गेले होते, 'उर्दू-ए-मुअल्ला'त छापलेल्या एका लेखापायी. लेख कोणाचा हे त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही. अशा माणसाचा संसार ओढणारी बाई नवरा कोठडीत असताना मद्रास गाठते आणि स्त्रियांसाठी मत मागायला उभी राहते. तिला कोणी फूस लावली होती, असे म्हणायची कोणाची छाती आहे? आम्हाला हसरतच्या गझला पाठ आहेत. निशातुन्निसांचे नाव मात्र आमच्यापैकी कित्येकांना 'बेगम' या शब्दापलीकडे ठाऊक नाही.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, काँग्रेसचे खास अधिवेशन आमच्या मुंबईत भरले. अध्यक्ष हसन इमाम होते. तिथेही सरोजिनीबाईंनी स्त्रियांच्या मताची बाजू मांडली. तरीही १९१९ च्या कायद्याने निर्णय स्वतः न घेता प्रांतांच्या कायदेमंडळांवर ढकलला. म्हणजे ज्या सभांत एकही बाई नव्हती, त्यांनीच बाईच्या मताचा निवाडा करायचा होता.

बंगालमध्ये हा निवाडा लांबला. तिथे कवयित्री कामिनी राय आणि त्यांच्या सहकारी 'बंगीय नारी समाज' चालवत होत्या. रुकय्या सखावत हुसेन त्यांच्याबरोबर होत्या. रुकय्यांना शाळा मिळाली नाही. थोरल्या भावाने रात्री दिव्यापाशी बसवून इंग्रजी शिकवले. १९०५ मध्ये त्याच इंग्रजीत त्यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली आणि ती मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. कथेतल्या देशात पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि राज्य राणी करते. शत्रू चालून येतो तेव्हा पुरुषांचे सैन्य हरते, आणि विद्यापीठातल्या स्त्रिया साठवलेल्या सूर्याच्या उष्णतेने त्याला पळवून लावतात. नवऱ्याने ही कथा उभ्याउभ्या वाचून संपवली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे म्हटले. नवरा दिलदार होता. बाकीचा समाज तसा नव्हता. त्यांच्या एका लेखातले काही परिच्छेद पुस्तकात घेताना गाळावे लागले.

आमच्या सनातन्यांना आणि आमच्यावर टीका करणाऱ्या बाहेरच्या सुधारकांना, दोघांनाही ही बाई अडचणीची आहे. ती बुरखा वापरत होती, बुरख्याच्या बाजूने तिने निबंधही लिहिला. आणि तीच 'अवरोधबासिनी'त अशा बाईची हकिकत सांगते, जी बुरख्यासकट रेल्वेच्या रुळांत पडली. हमालांनी हात लावू नये म्हणून दासीने त्यांना अडवले आणि गाडी अंगावरून गेली. पोशाख एक, कैद दुसरी, हा फरक तिला कळत होता. कैदेत मत मिळून उपयोग नाही आणि मताशिवाय कैद सुटत नाही, हेही कळत होते. म्हणून एका हाताने कलकत्त्यात मुलींची शाळा आणि दुसऱ्या हाताने मताधिकाराची मागणी. बंगालने अखेर १९२५ मध्ये मान तुकवली. तेही कर भरणाऱ्या, मालमत्तावाल्या मूठभर स्त्रियांपुरतेच.

लेखकाने राजकारणापासून दूर राहावे, असा उपदेश आम्हाला नेहमी मिळतो. उपदेश करणारे अकबरांच्या फटकाऱ्यांना राजकारण म्हणत नाहीत. बाईला हसणे म्हणजे साहित्य, तिच्या मताबद्दल लिहिणे म्हणजे प्रचार!

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. मोहल्ल्यांतून आमच्या भगिनी निवडूनही येतात. एका गावात आम्ही प्रचाराचा फलक पाहिला. वर नवऱ्याचा हसरा फोटो, बाजूला दिराचा, खाली पक्षाच्या चार पुढाऱ्यांचे. उमेदवार बाईच्या जागी गुलाबाचे फूल. आमच्यापैकी एकाने तिच्या नवऱ्याला विचारले. तो म्हणाला, "आमच्यात फोटो चालत नाही साहेब, तीच नको म्हणाली." हे गृहस्थ गावच्या मुशायऱ्याचे दरसालचे आयोजक. शेर त्यांनाही पाठ होते.

संध्याकाळी त्यांच्याच घरी चहाला बसलो. बाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. विषय निघाला तेव्हा नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "फोटो मी दिला होता. दोन काढले होते, त्यातला चांगला दिला होता."