‘पॅकिंग’ म्हणजे हलकं काम?

मैत्रिणींनो, वाढदिवसाच्या केकवर फुलबाजीसारखी तडतडणारी मेणबत्ती आता गावोगावी मिळते. पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्याला अशाच मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला ८ डिसेंबर २०२३ रोजी आग लागली. मेल्या त्या बहुतेक बायकाच. काहींनी नंतर दवाखान्यात प्राण सोडले. शेड विनापरवाना होती. त्याआधी ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याला रसायनांच्या कंपनीत आग लागली, त्यातही बायकाच जास्त गेल्या.

बायकांना मिळतं ते ‘पॅकिंग’. हलकं काम, मग शिकवायचं काय, असा मालकांचा हिशेब! पण या मेणबत्तीतली पावडर म्हणजे शोभेची दारूच. एक ठिणगी पुरते.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क आला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो आहे. पण शेडच सरकारदरबारी नोंदलेली नसेल, तर तपासायला येणार कोण? तेव्हा चाकण-तळवड्याला कामाला लागणाऱ्या लेकी-सुनांनी पहिल्याच दिवशी पाहावं: डब्यावर काय लिहिलंय, आणि मागचं दार उघडतं का.