सर्वात कमी दर आणि पंचायतीतली पेटी

आजचा विषय माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याचा नाही, हे आधीच कबूल करतो. तरी राहवत नाही म्हणून लिहितो. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत गेलो. भिंतीवर एक पेटी आहे, तिच्यापर्यंत जमिनीखालून ऑप्टिकल फायबरची तार आलेली आहे. पेटीतला एकही दिवा लागलेला नव्हता. संगणकावर बसलेल्या मुलीने स्वतःचा मोबाइल खिडकीच्या गजांत अडकवून ठेवला होता. त्याच्या हॉटस्पॉटवर तिने माझी पावती काढली. मी पेटीकडे बघतोय हे पाहून ती म्हणाली, "आजोबा, ती पावसाळ्याच्या आधीपासून बंद आहे. रिचार्ज मीच मारते."

ही पेटी कोणत्या योजनेतली, कोणत्या कंपनीने बसवलेली, हे मी सांगणार नाही. एका कंपनीला झोडपून माझा मुद्दा सिद्ध होत नाही.

घरी आल्यावर पुण्याच्या भाचीला फोन केला. ती नेटवर्कमधलीच इंजिनियर. तिने लगेच निकाल दिला, "मामा, सरकारी काम असंच असतं. सगळं खाजगीकडे द्यायला हवं." मी म्हटलं, अगं बाई, तार पुरली ती खाजगी कंपनीनेच! पेटीही खाजगी कंपनीनेच बसवली. सरकारने फक्त टेंडर काढलं आणि बिल दिलं. मग दोष कुणाचा?

माझं उत्तर असं की दोष टेंडर काढण्याच्या पद्धतीचा आहे. आपण तार विकत घेतो, पेटी विकत घेतो. ते चालू ठेवणाऱ्या माणसाचं काम मात्र विकत घेत नाही, घेतलं तर सर्वात स्वस्त घेतो.

थोडा मोठा हिशेब बघू. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तेव्हाचा अंदाज सुमारे २०,००० कोटी रुपयांचा. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या १ लाख पंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रम आला, तो १,३९,५७९ कोटींचा! वाढत्या आकड्यावर चिडण्याआधी त्यात काय सुधारलं ते बघण्यासारखं आहे.

मी वर्गातलं उदाहरण देतो. वह्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात द्यायच्या आहेत. तिसऱ्या बाकावरचा मुलगा गैरहजर असला की मागच्या सगळ्यांचं काम अडतं. पहिल्या टप्प्यातली जोडणी मुख्यतः अशी होती, तालुक्यापासून एका रेषेत. शिवाय बऱ्याच ठिकाणी सरकारी कंपन्यांची आधीच पुरलेली जुनी तार वापरून फक्त पुढचा तुकडा नवा टाकला होता. वाटेत कुठे रस्ता रुंद करायला, कुठे पाण्याची पाइपलाइन टाकायला जेसीबी आला आणि तार तुटली, की पुढची गावं अंधारात. सुधारित कार्यक्रमात ही रेषा सोडून वर्तुळ करायचं ठरलं. एका बाजूने वही आली नाही तर दुसऱ्या बाजूने येते. आणि ज्याने बांधायचं त्यानेच पुढे १० वर्षं चालवायचं, देखभाल करायची, अशी अट घातली.

म्हणजे बारा वर्षांनी सरकारला कळलं की नेटवर्क हे रस्त्याच्या फरशीसारखं एकदा बसवून विसरायचं काम नाही. उशिरा का होईना, कळलं, हे मी मान्य करतो. पण एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ती म्हणजे 'एल-वन', सर्वात कमी दर.

आपल्याकडे सर्वात कमी दर म्हणजे सर्वात प्रामाणिक व्यवहार, अशी जवळजवळ श्रद्धा आहे. मी तिला अंधश्रद्धा म्हणतो. भाची म्हणते, "मामा, आधी पात्रतेच्या अटी असतात, त्यात बसणाऱ्यांचेच दर उघडतात." खरं आहे. पण पात्रतेत काय बघतात? कंपनीची उलाढाल, जुनी कामं, अनामत रक्कम. उद्या चिखलात बसून तार जोडणाराचा हात कोण बघतं? ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सूचना काढल्या की सल्लागार सेवांच्या पलीकडच्या निवडक कामांतही दराबरोबर गुणवत्तेला गुण देता येतील. पण किती? जास्तीत जास्त ३० टक्के. उरलेले ७० दरालाच. शाळेत आम्ही गणिताला ७० आणि बाकी सगळ्या विषयांना मिळून ३० गुण ठेवले असते, तर कोण कुठला विषय शिकला असता?

आता तुम्ही म्हणाल, अधिकारी एवढे शिकलेले असतात, त्यांना हे कळत नाही का? कळतं. चांगलं कळतं. ते मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मी स्वतः तेच केलं आहे.

२००४ साली मी मुख्याध्यापक असताना माजी विद्यार्थ्यांनी शाळेला ८ संगणक दिले. ते एकमेकांना जोडायचं वायरिंग करायचं होतं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. सर्वात कमी दर जिल्ह्याच्या गावच्या दुकानाचा होता, ११,२०० रुपये. दुसरं आमच्याच गावातल्या एका मुलाचं, १३,०५० रुपये. मी दुसरं घेतलं. कारण साधं होतं. तो हाक मारली की येणारा होता. काम उत्तम झालं. पुढच्या वर्षी लेखापरीक्षणात आक्षेप आला: सर्वात कमी दर का नाकारला? मी खुलासा लिहिला, मग दुसरा, मग तिसरा. 'हाक मारली की येतो' हे कारण कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं. शेवटी फरकाचे १,८५० रुपये माझ्याकडून वसूल झाले. पैशांचं दुःख नव्हतं. पण शाळेत कुजबुज झाली की सरांनी ओळखीच्या मुलाला काम दिलं. ते लागलं.

२००७ मध्ये त्याच संगणकांच्या देखभालीचं कंत्राट द्यायचं होतं. या वेळी मी शहाणा झालो होतो! डोळे मिटून सर्वात कमी दर निवडला. तो माणूस वर्षात दोनदा आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर जाळं बंद पडलं ते परीक्षेपर्यंत बंदच राहिलं, खोलीला कुलूप. लेखापरीक्षण मात्र स्वच्छ! एकही आक्षेप नाही. त्या वर्षीच्या नववीच्या मुलांचं काय गेलं, हे कोणत्या तपासनिसाने विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

म्हणून मी अधिकाऱ्यांना शिव्या देत नाही. महाग पण चांगलं निवडणाऱ्याला आपण गुन्हेगार समजतो आणि स्वस्त पण निकामी निवडणाऱ्याला निर्दोष. मग तो दुसरं काय करील?

पुढची गोष्ट मनाला जास्त लागली. गावी होतो तेव्हा माझा एक विद्यार्थी भेटायला आला. मोटरसायकलच्या मागे फायबर जोडायचं मशीन बांधलेलं. त्याच २००७च्या नववीतला. मोठं काम एका कंपनीला मिळालेलं, तिने दुसरीला दिलेलं, दुसरीने पेटी कॉन्ट्रॅक्टरला, आणि त्याच्या हाताखाली हा. "सर, मला जोडामागे पैसे मिळतात," तो म्हणाला. "जोड टिकला की नाही, याचे नाहीत. धूळ असेल तर थांबून तंबू लावायला पाहिजे, पण तेवढ्या वेळात दोन जोड बुडतात." तीन महिन्यांचं बिलही वरून आलेलं नव्हतं. वरच्या कंपनीने दर पाडून काम घेतलं, तो पाडलेला दर शेवटी याच्याच खिशातून निघाला. आणि केसासारख्या काचेच्या धाग्यावर गावाचे दाखले, पेन्शन, मुलांचे अर्ज अवलंबून!

नुसती टीका नको, उपायही सांग, असं आमचे ज्येष्ठ सांगत. माझे तीन आहेत. एक, बांधण्यापेक्षा चालवण्याचे पैसे जास्त ठेवा, आणि ते पंचायतीत किती दिवस सेवा मिळाली यावर द्या. हा हिशेब कंपनीच्या कागदाबरोबर पंचायतीच्या फळ्यावरही लिहिला जावा. दोन, टेंडरमध्ये जोडणी करणाऱ्या शेवटच्या माणसाचा दर आणि पगाराची तारीख लिहा, आणि ती चुकली तर वरचं बिल अडवा. तीन, ज्याने कारण लिहून दुसऱ्या क्रमांकाचा दर निवडला, त्याला निदान ऐकून घ्या.

भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "मामा, तिसऱ्या उपायात भ्रष्टाचाराला दार उघडं राहतं." राहतं खरं. तिला नीट उत्तर अजून देता आलेलं नाही. पण एवढं म्हणालो की आत्ता दार बंद आहे, आणि पेटीही बंद आहे.

असो. पुढच्या वेळी आपापल्या गावी जाल तेव्हा पंचायतीत डोकावा. दिवे लागलेत का बघा, आणि रिचार्ज कोण मारतं तेही विचारा. मला जरूर कळवा.