‘माफी’ म्हणजे मालकी नव्हे

गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. तिथल्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत पणजोबांच्या नावापुढे ‘माफीदार’ दिसताच ‘देवळाची जमीन आमचीच’ असा डंका पिटणाऱ्यांनो, आधी शब्द नीट वाचा! मध्यप्रांतात माफी म्हणजे जमीनसाऱ्यातून सूट. मालकी हा निराळा प्रश्न. देवळाला दिलेली सूट पूजा-दिवाबत्तीसाठी होती, पुजाऱ्याच्या वारसांसाठी नव्हे. मध्य प्रदेशातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच सांगितले: मालक देव, पुजारी व्यवस्थापक. आयर्लंडातील ‘एरेना’ घराणीही चर्चची जमीन पिढ्यानपिढ्या सांभाळीत. म्हणून ती मालक ठरली नाहीत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, भ्रम मात्र उरला. त्याच कागदांतली कुळांची नावेही वाचा. जमीन त्यांनी कसली. त्यांना गाळून लिहिलेली वंशावळ इतिहास नव्हे, निव्वळ दावा होय.