ओलीवरचं

आमच्याकडे नागपूरहून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी समुद्राची फर्माईश ठरलेली असते. पनवेल म्हणजे समुद्रकाठ, असा घाटावरच्या आणि विदर्भातल्या मंडळींचा पक्का समज आहे. आमच्याकडे आहे ती खाडी. तिच्यावर एके काळी बंदर होतं, तांदळाची गलबतं लागत, आता तिच्याकडे पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. लाटा बघायच्या तर अलिबागची वाट धरावी लागते. तर मागच्या आठवड्यात अशीच वरात घेऊन नागावला गेलो.

दुपारी जेवायला बसलो त्या खानावळीवर ‘अस्सल मालवणी’ अशी पाटी होती. ताटात रव्यात घोळवलेली सुरमईची तुकडी, लाल रस्सा, वाटीत गुलाबी सोलकढी. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण मालवण इथून चारशेच्या वर किलोमीटर. अलिबाग तालुक्यात बसून मालवणचं जेवायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन सावजी मागवण्यासारखं झालं. मला राहवलं नाही. वाढणाऱ्या पोराला विचारलं, “बिरडं आहे का रे वालाचं?”

“काका, ते घरी असतं,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक कुठे मागतं?”

घरी असतं. परतीच्या वाटेवर वडखळच्या गर्दीत गाडी उभी होती, तेव्हा हे दोन शब्द डोक्यात घोळत होते. (पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ साली हात घातला. तेव्हापासून आम्हा पनवेलकरांना या रस्त्यावर विचार करायला भरपूर वेळ मिळत आला आहे.)

सत्तरच्या दशकात मे महिना लागला की आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन नागावला मावशीकडे निघायची. पनवेलच्या स्टँडवरून एस.टी., मग कर्नाळ्याचा सुळका, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. कार्लेखिंडीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या की आई कंडक्टरला विनवून दोन मिनिटं गाडी थांबवायची आणि कंडक्टरही थांबवायचा. त्यालाही एक माळ घ्यायची असायची. कार्ले, खंडाळे या गावांतला हा कांदा. बायका पातीची वेणी घालून त्याची माळ गुंफतात. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आता त्याच्या नावावर भलतेच पांढरे कांदे विकले जातात अशी तक्रार ऐकू येते. तेव्हा तो नुसताच कांदा होता, आणि त्याचा भाव करताना आईचा आवाज चढलेला असायचा.

समुद्रावर खाण्याची आठवण म्हणाल तर ती माशांची नाही. किनाऱ्यावर तेव्हा ना गाड्या होत्या, ना भेळ, ना बर्फाचा गोळा. मावशी फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून द्यायची, त्यात सुकटीची चटणी आणि तीन-चार कांदे. तास-दीड तास लाटांत धुमाकूळ घालून पोटात आगीचा डोंब उसळलेला असायचा. ओठांवर मीठ, बोटांच्या पेरांत वाळू. मोठा भाऊ दगडावर कांदा ठेवून त्याच्यावर बुक्की मारायचा. त्या खारट तोंडात पांढऱ्या कांद्याची फोड गेली की ती चक्क गोड लागायची. लाल कांद्याला ही गंमत साधत नाही, तो तिथेही डोळ्यांतून पाणीच काढेल. भाकरीबरोबर थोडी वाळू जायची. ‘कचकच’ हा शब्द मी तिथे, दातांनी शिकलो.

संध्याकाळी वाडीत रहाट चालायचा, नारळी-पोफळीच्या आळ्यांत पाणी खेळायचं आणि मागल्या पडवीत आई-मावशी आणि आम्ही पोरं वाल सोलायला बसायचो. वाल रात्रभर भिजवून, मग फडक्यात बांधून मोड काढलेले. कोमट पाण्यात टाकले की साल सैल होतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा धरून दाबायचा, सालातून डाळिंबी सुळकन बाहेर. नेम धरून ती भावाच्या कपाळावर मारता येते. मावशी ओरडायची, पण तिच्या हातूनही एखादी सुटलेली मी बघितली आहे. याचं आम्हा सीकेपींच्या घरात बिरडं, शेजारच्या ब्राह्मणांकडे डाळिंब्यांची उसळ. बिरड्याबद्दल आमच्या लोकांना असलेला अभिमान जरा जास्तच आहे, हे मी कबूल करतो. वाल मात्र दोन्ही घरी एकाच शेतातले.

आणि ते शेत समुद्रावर नाही, भाताचं आहे. हे मला फार उशिरा कळलं. खारेपाटातली जमीन मुळात खाडीला बांध घालून मिळवलेली. पावसात त्यात भात. दिवाळीच्या आगेमागे भात कापलं की शेत रिकामं दिसतं, पण पोटात ओल धरून असतं. त्या ओलीवर शेतकरी वाल टाकतो. त्याला पाट नको, मोट नको. खालून ती उरलेली ओल आणि वरून पहाटेचं दव, एवढ्यावर वेल फुलतो आणि जानेवारी सरता सरता शेंगा धरतो. अलिबागकडचा पांढरा कांदाही असाच भातामागून येणारा. म्हणजे ज्याला मी समुद्राच्या सुट्टीची चव म्हणत आलो, ती भाताच्या मागे राहिलेल्या ओलीची चव होती.

भाताचंच निघालं म्हणून एक आठवण मध्येच घुसवतो. माझ्या लहानपणी पनवेलात भाताच्या गिरण्या होत्या, कोंड्याचा वास गल्लीत पसरलेला असायचा. आमच्या शेजारी एक बेने इस्राईल कुटुंब राहायचं. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असं ही मंडळी सांगतात. घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली. पनवेलचं त्यांचं सिनेगॉग १८४९चं आहे आणि गावातल्या एका तळ्याला आजही इस्राईल तलाव म्हणतात. त्यांच्या घरी काही शुभ घडलं, नवस फेडायचा असला, की एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा आणि बाजूला फळं. हिब्रू प्रार्थना आणि कोकणातले गोड पोहे! आम्हा मुलांना त्यात काहीच वेगळं वाटत नसे. आमच्या वाटीवर डोळा असलेल्या त्या घरच्या धाकट्याशी माझी मारामारी झालेली आहे. पुढे ते इस्राईलला गेले. तिकडे त्यांना चांगले पातळ पोहे मिळत असतील का, ही आईची काळजी बरीच वर्षं टिकली.

वालाची खरी मजा मात्र बिरड्यातही नाही. ती पोपटीत. पनवेल, पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्याबाहेरच्या वाचकांना पोपटी म्हणजे पक्ष्याची मादी वाटेल, त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा. ही शेताच्या कडेला उगवणारी उग्र वासाची वनस्पती आहे, गुरं तिला तोंड लावत नाहीत. तिच्यावर ओल्या वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्येमध्ये बटाटे, कोनफळ, अंडी. कोंबडीला मसाला चोळून ती पानात गुंडाळून ठेवणारेही आहेत, पण माझ्या मते तिच्यापायी शेंगांची जागा जाते. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा आणि मडकं उपडं करून भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगा स्वतःच्याच ओलीवर शिजतात. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. ‘चर्र’ असा आवाज येऊन पाणी जागच्या जागी उडालं तर झाली. आवाज ओळखणारा माणूस प्रत्येक कंपूत एकच असतो आणि त्याचा भाव त्या रात्री आभाळाला भिडलेला असतो.

आमच्या कंपूत तो माझा शाळेतला मित्र होता. त्यांचं शेत कोल्हीच्या बाजूला. कापलेल्या भाताचे बुंधे पायाला टोचायचे, खाडीवरून गार वारा यायचा आणि आम्ही पेंढ्यावर बसून मडकं फुटायची वाट बघायचो, कारण काढताना ते हमखास फुटायचं. शेंग सालासकट दातांत धरून ओढायची. सालाला लागलेलं मीठ, ओवा, पाल्याचा कडसर वास आणि आत लोण्यासारखा दाणा. दुसऱ्या दिवशी शाळेत चड्डीच्या खिशातून शेंगा निघायच्या आणि वर्गभर वास सुटायचा. मास्तर आधी ओरडायचे, मग हात पुढे करायचे.

कोल्ही, कोपर, कोंबडभुजे, तरघर, उलवे अशी गावं नवी मुंबई विमानतळाच्या जागेत आली. टेकडी कापली, उलवे नदीचं पात्र वळवलं, खाजणावर भराव पडला. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं. मित्राला मोबदल्यात भूखंड मिळाला, त्याची मुलं चांगली शिकली आणि तो मजेत आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या लेखात शेतकरी नेहमी रडवेला दाखवायची पद्धत आहे. त्याच्याकडे आता फक्त ओल नाही. हल्ली हिवाळ्यात पोपटी माणशी दर लावून मिळते, शेकोटी आणि गाण्यांसकट. तो एकदा जाऊन आला. म्हणाला, मडकं आधी भट्टीत तयार ठेवतात आणि नंतर आपल्यापुढे आणून पेटवतात. त्याला शिपका मारू दिला नाही, याचा त्याला जास्त राग होता.

म्हणून या जानेवारीत आम्ही आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावली. शेंगा उरण नाक्याच्या बाजारातून आणल्या. तिथेच एका कातकरी बाईकडे भांबुर्डीच्या जुड्या मिळाल्या. तिला पाला कुठला म्हणून विचारलं, तर तिने कर्नाळ्याच्या दिशेला हनुवटी उडवली. मडकं मित्राने घरून आणलं. जाळ भडकला तसा रात्रपाळीचा वॉचमन बादली घेऊन धावत आला. तो उत्तर प्रदेशातला, इथे नवा. मित्राने त्याला खाली बसवलं आणि बादली स्वतःकडे घेतली. ओंजळीने पाणी मारलं. चर्र.

मडकं यंदाही फुटलंच. आम्ही कागदावर शेंगा ओतल्या, वॉचमनच्या हातात मूठभर दिल्या. त्याने एक सोलून दाणा नीट निरखला, खाल्ला, मग दुसरी शेंग न सोलताच तोंडात धरली, आमच्यासारखी. त्यांच्याकडे ओला हरभरा झाडासकट भाजतात, त्याला होरहा म्हणतात, असं म्हणाला. मीठ वेगळं घेतात, हिरवी मिरची वाटून. थोड्या वेळाने उठला, गेटापर्यंत गेला आणि परत आला.

“साहेब,” तो म्हणाला, “दोन-चार अजून? सकाळच्या ड्यूटीवाल्यासाठी.”

मित्राने त्याच्या शर्टाचा खिसा ओढून उघडला आणि तो भरायला सुरुवात केली.