शेटजी, ही मजुरी कीं वेठ?

शेतकरी व कारागीर बांधवहो! वागळे इस्टेटींत आणि डोंबिवलीच्या कारखान्यांत राबणारे हात आपल्याच घरचे आहेत. त्यांनीं पगारवाढ मागितली कीं मोठे कारखानदार म्हणतात, "मजूर राजीखुशीनें आला." आम्ही विचारतों, पोटाच्या अडचणीला राजीखुशी कोण म्हणेल? किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणें ही वेठच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं ठरविलें आहे.

दुसरी सबब ठेकेदाराची. माल मालकाचा, नफा मालकाचा, मजूर तेवढा ठेकेदाराचा! बैल भाड्यानें आणला म्हणून त्याची वैरण चुकते काय? ठेकेदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकानेंच भरावी, असा कायदा आहे.

ठाण्यांत जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांसाठीं आठवड्याची सुटी व वेळेवर पगार मागितला. १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली; तिनें गिरण्या कांहीं बुडाल्या नाहींत. पोटभर मजुरीनेंही कारखाने बुडणार नाहींत.

तरी बांधवहो, हजेरी स्वतःच्या वहींत लिहा, पगाराची पावती मागा, आणि एकट्यानें नव्हे, संघ करून मागा.