पिशवी काढण्याआधी

‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांना दवाखान्यांमधून ही भीती घातली गेली आणि अखेर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीपुढे आलेले आकडे सुन्न करणारे होते: पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. कित्येकींनी चाळिशीही गाठली नव्हती. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळी मागेपुढे होते, अशा तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या आणि यातल्या बहुतेक तक्रारी औषधांनी बऱ्या होतात.

त्यावर पुष्कळ बोलले गेले, नियमही आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. एक प्रश्न मात्र मागेच राहिला. ज्या कॅन्सरच्या नावाने पोट फाडले, त्याची तपासणी आधी किती जणींची झाली? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या शंभरात दोनही नाहीत. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात गर्भाशयमुखाच्या एकाच कॅन्सरचे वर्षाला सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आणि सुमारे ऐंशी हजार मृत्यू आहेत.

तपासणीने काय साधते, याचा पुरावा परदेशातून आणण्याची गरज नाही. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष जगभर उद्धृत होतो: या कॅन्सरला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात, पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे ज्ञान मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दिले. त्यांच्या लेकीसुनांना ही चाचणी आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू नये, याची लाज वाटायला हवी.

न तपासता पिशवी काढण्यात आणखी एक धोका आहे आणि तो सर्वात कमी सांगितला जातो. गर्भाशयमुखात कॅन्सर लपलेला असेल, तर साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया पुरत नाही. आजूबाजूची ऊती आणि लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात किंवा शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन आणि सोबत केमो द्यावी लागते. अर्धवट शस्त्रक्रिया होऊन आलेल्या बाईवर योग्य उपचार करणे मग तज्ज्ञालाही जड जाते. टाटा रुग्णालयातल्याच, ६३५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवून दिले की आजार थोडा पुढे गेलेला असेल, तर आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया या वाटेपेक्षा रेडिएशन-केमोने आजार जास्त आटोक्यात राहतो. सुरी केव्हा हाती घ्यायची नाही, हे ठरवायला स्त्री-कर्करोग तज्ज्ञ, रेडिएशन तज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांना एकत्र बसावे लागते.

अंडाशयाच्या कॅन्सरला तर खात्रीची चाळणी-तपासणीच नाही. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे अशी लक्षणे ‘गॅस’ म्हणून निघून जातात. तिथे पहिल्या शस्त्रक्रियेत गाठ किती निपटून काढली, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. म्हणून ती प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवी. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेले, तर तो गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असू शकतो. एक थेंब दिसला तरी तपासून घ्यावे, हे घराघरात कळले पाहिजे.

आमची पहिली मागणी साधी आहे. गर्भाशयमुखाची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज असेल तिथे तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढण्यास मनाई असावी. काढलेली प्रत्येक पिशवी पॅथॉलॉजीकडे जावी आणि तिचा अहवाल त्या बाईच्या हातात पडावा. संशय आला, की तालुक्याच्या डॉक्टरने तिला कुठे पाठवायचे, ते केंद्र प्रत्येक जिल्ह्याला नेमून दिलेले असावे.

दुसरी मागणी पैशांची आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रेडिएशन साधारण आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागते. मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचे बिल भागेल. पण दोन महिने शहरात राहायचे कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखे आसरे आहेत, ते पुरत नाहीत. शिवाय मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल अंगावर असते. कोयत्यातला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतला, एक हात कमी झाला, की जोडीदाराचीही मजुरी बुडते, म्हणून बाई उपचार अर्धे टाकून फडावर परतते. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे. उपचाराच्या काळातली दोघांची बुडालेली मजुरी आणि राहण्याचा खर्च या महामंडळाने द्यावा, त्या हंगामाच्या उचलीची जबाबदारी घ्यावी आणि येत्या हंगामाच्या टोळ्या गाव सोडण्याआधी तसा आदेश निघावा.