पुढच्याने रेषा सोडू नये

सातारा-सांगलीत गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते. परिवहन अधिकारी, पोलीस, कारखान्याची माणसे लाल पट्टी चिकटवतानाचा फोटो काढून घेतात आणि वर्षाचे कर्तव्य पार पडते. रिफ्लेक्टर हवाच, त्याबद्दल वाद नाही. रात्री पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसते ती त्यामुळेच. पण चालत्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तो निम्मेच काम करतो. पुढचा मागच्याला दिसला, एवढेच त्याने साधते. मागचा पुढच्याला दिसतो का, आणि दिसला तर पुढच्याने नेमके काय करायचे, हे आपण कधी कोणाला शिकवलेले नाही. ज्यांनी हा प्रश्न जिवावर बेतल्यामुळे कसून सोडवला, ते लोक मोटार शर्यतीतले आहेत. त्यातही उघड्या चाकांच्या गाड्या पळवणारे.

अशा गाडीच्या चाकांवर पत्रा नसतो. धोक्याचे मूळ तेच. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाची मागची बाजू फिरताना खालून वर जात असते आणि मागच्या गाडीच्या पुढच्या चाकाची पुढची बाजू वरून खाली येत असते. ही दोन रबरे एकमेकांना भिडली की मागची गाडी पुढच्या गाडीच्या चाकावर चढते आणि उडते. बंद चाकांच्या गाडीत पत्रा चेपण्यावर निभावते, इथे माणूस जातो. म्हणून या खेळात मागचे भान हा शिष्टाचाराचा नव्हे, जगण्याचा भाग ठरला. आरसा मात्र त्यात काहीसा अपघातानेच आला. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिसच्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून एकटाच गाडीत बसला होता. इतरांच्या शेजारी मागे लक्ष ठेवायला एक मेकॅनिक असे. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली तेव्हा हॅरूनने गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. पुढे त्यानेच सांगून टाकले की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीही दिसत नव्हते!

आरसा स्वच्छ असला, चालकाने त्यात पाहिले, तरी टक्कर टळतेच असे नाही. ८ मे १९८२ रोजी बेल्जियममधल्या झोल्डर इथे फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत योखेन मास संथ गतीने चालला होता. मागून फेरारीत जिल व्हिलनव्ह सुसाट येताना त्याला दिसला. वाट द्यावी म्हणून मास उजवीकडे सरला आणि त्याच क्षणी व्हिलनव्हही त्याला उजवीकडूनच ओलांडायला निघाला. चाकाला चाक लागले, फेरारी हवेत उडाली आणि व्हिलनव्ह गेला. पुढच्याने मागे पाहिले होते, त्याचा हेतूही चांगला होता. चुकले ते इतकेच की तो काय करणार याचा अंदाज मागच्याला आला नाही. आरशात पाहिल्याबरोबर काहीतरी केलेच पाहिजे, ही समजूत न पाहण्याइतकीच घातक आहे.

हौशी शर्यतीत नवख्यांना म्हणूनच दोन गोष्टी शिकवतात. ओलांडण्याची मुख्य जबाबदारी मागच्याची. आणि पुढच्याने मागे कोण आहे हे जाणून आपली रेषा धरून चालायचे, वाट द्यायची तर ठरल्या जागी, स्पष्ट दिसेल अशी द्यायची. कार्टिंगच्या गाड्यांना तर बहुधा आरसेच नसतात. कडेला उभा असलेला माणूस निळा झेंडा दाखवतो तेव्हा मागे वेगवान गाडी आल्याचे कळते. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या उघड्या चाकांच्या गाड्या घेऊन ‘फॉर्म्युला भारत’ला उतरतात. तिथल्या लांब पल्ल्याच्या फेरीत वाटेल तिथे ओव्हरटेक करताच येत नाही. ट्रॅकवर त्यासाठी जागा आखून दिलेली असते. झेंडा दिसला की संथ गाडीने तिथे आपल्या मार्गिकेत जाऊन वेग कमी करायचा आणि मागची पुढे गेल्यावरच परत यायचे. आपल्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत प्रत्येक जोडीला वेगळी चाकोरी देतात, त्यामागेही हीच अक्कल आहे.

आता कराड-तासगाव किंवा इस्लामपूर-आष्टा रस्त्यावरचा ट्रॅक्टर पाहा. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, शेवटच्या ट्रॉलीचा दिवा असलाच तर लोंबणाऱ्या पाल्याखाली झाकलेला. आरसा मुळात नाही, किंवा आहे तो मडगार्डवर आत दुमडलेला, आणि सरळ केला तरी त्यात मागच्या रस्त्याऐवजी स्वतःचाच ऊस दिसणार. टेप मोठ्याने चालू. आपल्याकडे मागे पाहण्याचे काम आपण फार पूर्वीच मागच्याच्या हॉर्नवर सोपवून मोकळे झालो आहोत. राज्याच्या परिवहन विभागाने २०१५ साली व्यावसायिक वाहनांवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसायला लावले. सवय काही पुसली गेली नाही. टेपच्या आवाजात हॉर्न पोचत नाही, ही पुढची गोष्ट.

खरा घात वळणावर होतो. दोन ट्रॉल्यांची ही लांब गाडी उजवीकडे शेताच्या बांधाला किंवा कारखान्याच्या फाट्याला वळवायची तर चालकाला आधी डावीकडे ओढून घ्यावी लागते. मागच्या मोटारसायकलवाल्याला वाटते, साइड दिली. तो उजवीकडून निघतो आणि ट्रॅक्टर नेमका त्याच्या अंगावर वळतो. झोल्डरला जे झाले तेच हे, फक्त वेग कमी आणि हेल्मेट नसलेले डोके. त्यात आपल्याकडे उजवा इंडिकेटर ‘मी वळतोय’ही सांगतो आणि ‘तू जा’ही. खिडकीतून हललेल्या हाताचेही तेच.

कोणी म्हणेल, दोष मागच्या पोरांचा आहे. तीच आरसे काढून फेकतात आणि भन्नाट सुटतात. बरोबर आहे, आणि शर्यतीचा नियमही त्यांच्यावरच पहिली जबाबदारी टाकतो. मात्र मागच्याने अंदाज बांधावा अशी अपेक्षा असेल तर पुढच्याचे वागणे अंदाज बांधता येईल असे हवे. रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे, हा दुसरा आक्षेप. ट्रॅकवर सगळे एका दिशेने जातात, सगळ्यांना प्रशिक्षण असते, वर झेंडेवालाही असतो. रस्त्यावर समोरून एसटी येते, मध्येच शेळी येते. पण एवढ्या सोयी असूनही जिथे इतके नियम लागतात, तिथे त्या नसताना कमी नियमांत कसे भागेल? शर्यतीचे नाव काढले की पोरे आणखी बिघडतील, ही भीती मला पटत नाही. बिघडवतो तो शर्यतीचा व्हिडिओ. तिथल्या शिस्तीने कोणी बिघडल्याचे दिसत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. चालकाला खेपेवर पैसे मिळतात, मालकाच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता असतो, ऊसतोड टोळीला दिलेली उचल बुडायची धास्ती असते; त्याला आरशाचे काय सांगता? म्हणूनच त्याला एकट्याला सांगू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रॅक्टरलाही आरसा सक्तीचा आहे आणि ओलांडले जात असताना पुढच्याने वेग वाढवू नये, आडवे येऊ नये, हेही कायद्यात आहे. पण वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर पोलीस किती ठिकाणी उभे राहणार? ट्रॅक्टर मात्र एका ठिकाणी थांबतोच, आणि तासन् तास थांबतो: कारखान्याच्या यार्डात, वजनकाट्याच्या रांगेत. साखर कारखाना सह्याद्री असो, कृष्णा असो, राजारामबापू असो वा क्रांती, प्रत्येक खेपेची नोंद कारखान्याकडे असते आणि वाहतुकीचे बिलही तोच काढतो. निळा झेंडा धरण्याची ऐपत या रस्त्यांवर फक्त कारखान्याची आहे.

वाहतूकदाराशी करार होतो तो हंगामाआधी, निवांत महिन्यांत. त्यात उसाच्या रुंदीपलीकडे जाणारे लांब दांड्याचे आरसे आणि शेवटच्या ट्रॉलीच्या टोकाला चालू दिवा असल्याशिवाय काट्यावर गाडी घेतली जाणार नाही, असे एक कलम घालता येईल. आरसे पहिल्या वर्षी कारखान्याने द्यावेत आणि बिलातून हप्त्याने कापावेत. डिझेलचे पैसे तसेही कापले जातातच. वळणाचा नियमही चालकाला तिथेच सांगता येईल: उजवीकडे वळायचे असेल तर आधी डावीकडे पूर्ण थांबायचे, मागची वाहने जाऊ द्यायची, क्लीनरला खाली उतरवून मागे उभे करायचे आणि मगच वळवायचे. क्लीनर नसेल तिथे निदान कारखान्याच्या फाट्यावर तरी हंगामभर झेंडा घेऊन माणूस उभा राहू शकतो. यार्डात गाड्या लावून घ्यायला माणसे नेमतातच. त्यातली दोन फाट्यावर पाठवायची आहेत.